राज्यशास्त्राची नोकरी, 'लोकशाही विकास' आणि आमचं खानापूर: अर्ज करू का?

खानापूरची_लेक | १२ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी खानापूर तालुक्यातली. बी.ए. बेळगावात, एम.ए. आणि पीएच.डी. शिवाजी विद्यापीठातून, विषय राज्यशास्त्र. प्रबंध ग्रामपंचायतींवर केला. खानापूरची काही गावं घेतली आणि पलीकडची चंदगड तालुक्यातली काही. सध्या बेळगावातल्या एका कॉलेजात गेस्ट म्हणून शिकवते. आठवड्याला सोळा तास, पगार वर्षाचे दहा महिने, आणि गणपतीचा पगार दिवाळीला.

गेल्या आठवड्यात माझ्या गाइड सरांनी एक जाहिरात पाठवली. अमेरिकेतलं एक विद्यापीठ, सहायक प्राध्यापक, राज्यशास्त्र, भर 'लोकशाही विकासा'वर. कुठल्या देशाचा अभ्यास हवा ते खुलं ठेवलंय. अर्जाचं पत्र, सीव्ही, संशोधनाचं निवेदन, अध्यापनाचं निवेदन, लेखनाचा नमुना आणि तिघांची शिफारसपत्रं एवढं मागितलंय. वयाची अट नाही, जातीचा दाखला नाही, डीडी नाही. डीडी नाही म्हटल्यावर आई म्हणते ही फसवणूकच.

माझी अडचण अशी. ग्रामसभेला किती बायका आल्या, नोटीस कुठल्या भाषेत लागली होती, कोण बोललं आणि वहीत काय लिहिलं गेलं, एवढंच मी तीन वर्षं बघत बसले. याला 'लोकशाही विकास' म्हणतात का? आणि दुसरं, मी सीमाभागातली, लिहिते सीमाभागावर. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच वाटणार ना, ही एका बाजूची आहे म्हणून?

---

कुंदा_आणि_मांडे | १२ सप्टेंबर, १०:५२

आईंना सांगा, डीडी नाही म्हणजे फसवणूक नव्हे. डोनेशन नाही हे मात्र संशयास्पद आहे. (हलके घ्या.)

---

निवृत्त_मास्तर | १३ सप्टेंबर, सकाळी ६:१५

मुली, अभिनंदन. पण म्हाताऱ्याचं एक ऐक. मी ३३ वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, त्यातली पहिली सात तात्पुरता म्हणून. अमेरिकेचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण इथली वाट आधी मोकळी करून ठेव. तुझ्याकडे सेट आहे का? असेल तर कुठली?

---

खानापूरची_लेक | १३ सप्टेंबर, ८:०५

सर, महाराष्ट्राची. मराठीतून दिली. तिथंच तर घोडं अडलंय.

---

निवृत्त_मास्तर | १३ सप्टेंबर, ८:३०

वाटलंच. इतरांसाठी खुलासा करतो. प्राध्यापक व्हायला पात्रता परीक्षा लागते, राज्याची ती सेट, देशाची ती नेट. युजीसीच्या नियमाप्रमाणे १ जून २००२ नंतर जो ज्या राज्याची सेट पास होईल, त्याला तिच्यावर त्याच राज्यात नोकरीला अर्ज करता येतो. म्हणजे या सेटवर ही पोरगी हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत प्राध्यापक व्हायला पात्र, शिनोळी सोडून बेळगावकडं वळली की सेट निकामी! मधलं अंतर एसटीनं अर्ध्या-पाऊण तासाचं. कर्नाटकची के-सेट इंग्रजी नाहीतर कन्नडमधून, नेट इंग्रजी नाहीतर हिंदीतून. मराठी माध्यमातून शिकलेल्या सीमाभागातल्या पोरांनी जायचं कुठं?

तेव्हा आधी नेट. बाकी सगळं मागून.

---

तिसरं_गेट | १३ सप्टेंबर, ९:११

मास्तर, सेटवाल्यांना तिकडं तरी कुठं जागा हाय? कोल्हापूरला माझा भाऊ सीएचबीवर आठ वर्षं झाली. तासाला पैसे, परीक्षेच्या सुट्टीत शून्य. इकडं गेस्ट म्हणतात, तिकडं तासिका तत्त्व म्हणतात. दोन्ही राज्यांत एवढी एकी दुसऱ्या कशात दिसायची नाही.

एका संस्थेत कायम जागेसाठी मुलाखतीला बोलावलेलं त्याला. मुलाखत दहा मिनिटं. नंतर कारकून व्हरांड्यात येऊन हळूच विचारतो, "तुमच्याकडून कोण बोलणार?" भावाला कळंना. तो म्हणाला, मीच बोलतो की, पाठ घेऊन दाखवू का? कारकून हसत सुटला. आकडा नंतर कळला. तेवढ्यात वडगावात घर झालं असतं.

ताई, तू अर्ज कर. खरं शिफारसपत्राला माणसं नीट निवड.

---

पेठेतला | १३ सप्टेंबर, १०:०२

"खरं शिफारसपत्राला" म्हणजे? खोटी शिफारसपत्रं पण असतात का तिकडे?

---

कुंदा_आणि_मांडे | १३ सप्टेंबर, १०:०६

पेठेतले, आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'. "येतो, खरं उशीर होईल." तुमचा 'पण' आम्ही नवस बोलायला राखून ठेवलाय.

---

सातासमुद्रापार | १३ सप्टेंबर, रात्री ११:४८

धागाकर्ती, तुमच्या प्रश्नावर येतो. मी मूळचा निपाणीचा, अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात याच विषयात आहे. अशा दोन निवड समित्यांवर बसलोय, म्हणून जरा सविस्तर.

आधी ही जागा काय असते ते. टेन्युअर ट्रॅक म्हणजे साधारण सहा वर्षांची परीक्षा. तेवढ्यात लेख, पुस्तक, शिकवणं यांचा हिशेब होतो, मग कायम करतात किंवा नारळ देतात. अर्ज हिवाळ्याआधी मागवतात. शे-दीडशे अर्ज सहज येतात. त्यातून दहा-बारा जणांशी झूमवर बोलतात, त्यातल्या तिघांना कॅम्पसवर बोलावतात. तिकीट त्यांचं. तिथं दोन दिवस न्याहारीपासून जेवणापर्यंत मुलाखतच चालू असते. मुख्य म्हणजे पाऊण तासाचं व्याख्यान, आणि त्यानंतरचे प्रश्न.

आता 'लोकशाही विकास'. हा शब्द ऐकून घाबरू नका. १९५९मध्ये लिप्सेट यांनी मांडलं की आर्थिक भरभराट आणि टिकाऊ लोकशाही या हातात हात घालून दिसतात. तेव्हापासून भांडण चालू आहे. भारत या मांडणीत बसत नाही म्हणून सगळ्यांना भारत लागतो. पण बहुतेकांचा भारत दिल्लीत सुरू होऊन दिल्लीत संपतो. निवडणुका झाल्या, सरकारं बदलली, झाली लोकशाही. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवसापासून पुढची पाच वर्षं गावात काय होतं, हे ज्याने वहीत उतरवलंय असा माणूस अर्जांच्या ढिगात क्वचित सापडतो.

तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तिची तुम्हाला कल्पना आहे की नाही माहीत नाही. डॅनियल पोस्नर यांचा २००४चा एक गाजलेला अभ्यास आहे. झांबिया आणि मलावीच्या सीमेवर चेवा आणि तुंबुका असे दोन समाज राहतात, दोन्ही समाज रेघेच्या दोन्ही बाजूंना. मलावीत त्यांच्यात राजकीय वैर, झांबियात तेच लोक गुण्यागोविंदाने राहतात. संस्कृती तीच, मग फरक कशाचा? तर मलावी लहान देश, तिथं हे दोन्ही समाज एवढे मोठे ठरतात की त्यांच्या नावावर राजकारण उभं राहतं. झांबियात दोघेही लहान, एकेकट्याने काही जमत नाही, म्हणून ते दोघे मिळून 'पूर्वेकडचे' होतात.

आता खानापूर आणि चंदगड आठवा. ३१ ऑक्टोबर १९५६पर्यंत दोन्ही तालुके मुंबई राज्यातल्या एकाच बेळगाव जिल्ह्यात. राज्य पुनर्रचनेत चंदगड तेवढा वगळून बाकीचा जिल्हा म्हैसूरला गेला. एकाच घरातल्या दोघी बहिणी, एक या घरात दिली, दुसरी त्या घरात. पावसाळा तोच, नाचणी-भात तोच, सोयरीक आजही चालू. बदललं ते राज्य आणि राज्याचा पंचायतीचा कायदा. अहो, लोक असं उदाहरण शोधत आफ्रिकेत जातात.

---

वाचनमात्र_पण_आज_नाही | १४ सप्टेंबर, ७:२०

वाचनखूण साठवली. दोन बहिणींचं उदाहरण झकास.

---

चिकोडी_एक्सप्रेस | १४ सप्टेंबर, ९:४५

झकास आहे, पण लंगडं आहे. सातासमुद्रापार, ती रेघ चिठ्ठ्या टाकून ओढलेली नाही. चंदगड मुंबईकडे ठेवला कारण तो मराठी भाषक. म्हणजे दोन बाजू मुळातच वेगळ्या होत्या म्हणून वेगळ्या केल्या. मग आज दिसणारा फरक कायद्याचा, भाषेचा की आणखी कशाचा, हे कसं ठरवणार? मी सांख्यिकीवाला आहे, राज्यशास्त्रातलं कळत नाही. पण अमेरिकेतल्या व्याख्यानात पहिला हात वर होईल तो याच प्रश्नाला.

---

सातासमुद्रापार | १४ सप्टेंबर, रात्री १०:३०

अगदी हाच प्रश्न येईल. उत्तर धागाकर्तीनेच द्यावं.

---

निपाणी_नाका | १४ सप्टेंबर, १०:४१

रेघेचं कौतुक पुरे झालं. सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७च्या अहवालात निपाणी, नंदगड, खानापूर महाराष्ट्राला द्या म्हणून लिहिलं, २६४ गावं. बेळगाव शहर मात्र दिलं नाही. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने धरून ठेवला. २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. आणि तुम्ही इथे आमच्यावर प्रयोग करा. आम्ही काय प्रयोगशाळेतले उंदीर?

---

घटप्रभा | १५ सप्टेंबर, ७:५०

माझी मातृभाषा कन्नड. शाळा गोकाकला, मराठी बेळगावात शेजाऱ्यांकडून शिकले, तेव्हा शुद्धलेखन माफ करा.

निपाणी नाका, उंदीर तर आम्हीसुद्धा. पण ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला बोलायचं आहे, कारण त्याला कोणी हातच लावला नाही. कोल्हापूरच्या विद्यापीठात, मराठीत, सीमाभागावर प्रबंध असं ऐकलं की आमच्याकडच्या माणसाला वाटतं, निष्कर्ष आधी ठरला असेल. हे खोटं बोलून उपयोग नाही. मलाही तसंच वाटलं. तुम्ही कन्नडमधले ठराव वाचलेत का? की फक्त मराठी गावकऱ्यांना विचारून लिहिलंत?

---

तिसरं_गेट | १५ सप्टेंबर, ८:०२

झालं सुरू. पॉपकॉर्न आणतो.

---

खानापूरची_लेक | १५ सप्टेंबर, रात्री ९:२०

सगळ्यांना एकदम उत्तर देते. आज तास कमी होते.

घटप्रभाताई, प्रश्न बरोबर आहे. कन्नड मी चौथीनंतर दुसरी भाषा म्हणून शिकले, पण ठरावाच्या वहीतलं कन्नड म्हणजे वेगळंच प्रकरण. पहिले सहा महिने एका निवृत्त तलाठ्यांकडे बसून वाचायला शिकले. ते दर शनिवारी शिकवायचे, फी म्हणून येताना लोणी आणायचं. आता शाई फार फिकट नसेल तर वाचते.

चिकोडी एक्सप्रेस, रेघ चिठ्ठ्या टाकून ओढली नाही हे मान्य. म्हणून मी खानापूरची सगळी गावं घेतली नाहीत. चंदगडला लागून असलेल्या पश्चिम भागातली, मराठी बोलणारी, डोंगराकडची तेवढीच घेतली. भाषा तीच, जमीन तशीच, कायदा तेवढा वेगळा. पूर्वेकडच्या कन्नड गावांबद्दल मी काही म्हणतच नाही. तरी शंका उरतेच, ती मी प्रबंधात लिहूनच टाकलीय.

आता कायद्यातला फरक, पेठेतल्यांसाठी सोपा करून. महाराष्ट्रात बहुतेक एका गावाची एक पंचायत, सरपंच (मधली दोन वर्षं सोडली तर २०१७पासून थेट लोकांतून), आणि कागदपत्रं बघायला ग्रामसेवक. कर्नाटकात दोन-चार किंवा जास्त गावांची मिळून एक पंचायत, सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात, आणि कारभार पीडीओच्या, म्हणजे सरकारी पंचायत विकास अधिकाऱ्याच्या हातात. तेव्हा आमच्या लहान वाडीला मोठ्या पंचायतीत एखादाच सदस्य मिळतो.

एक प्रसंग सांगते. खानापूरकडचं एक गाव, जूनचा महिना, शाळेच्या पडवीत ग्रामसभा. फळ्यावर नोटीस कन्नडमध्ये. पीडीओ बागलकोटकडचे, माणूस सज्जन, मराठी येत नाही. ते कन्नडमध्ये वाचतात आणि पंचायतीचा शिपाई मराठीत सांगतो. आकडे आले की शिपाई गडबडतो, मग "बरेच पैसे आलेत" असं म्हणून पुढं जातो. एक म्हातारी उठली. तिच्या गल्लीत नळ नाही. ती मराठीत पाच मिनिटं बोलली, त्यात सुनेलाही दोन शिव्या झाल्या. शिपायाने कन्नडमध्ये एका वाक्यात सांगितलं. वहीत काय लिहिलं ते मी नंतर बघितलं: "पाण्याच्या विषयावर चर्चा होऊन मंजूर." त्या शिपायाएवढा महत्त्वाचा माणूस मला तीन वर्षांत दुसरा भेटला नाही.

हे ऐकून आमच्याकडची माणसं म्हणतात, बघा, मराठीवर अन्याय! थांबा की. त्याच सभेला सत्तर-ऐंशी माणसं आलेली. आठवड्याने मी चंदगडकडच्या गावात. नोटीस मराठीत, सगळं मराठीत, कुणाला दुभाष्या नको. सभेला ग्रामसेवक, सरपंच, चार सदस्य, मी आणि एक कुत्रं. तासाभराने शिपाई वही घेऊन घरोघरी सह्या गोळा करायला निघाला. एका घरात म्हाताऱ्याने वही न बघताच विचारलं, "अंगठा कुठं?"

असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा दिसलं. कारण विचारत हिंडले. खानापूरकडे लोक येतात ते भांडायला. चार गावांची पंचायत, पैसा शेजारच्या गावाला जाईल ही भीती, म्हणून ट्रॅक्टर भरून येतात. चंदगडकडे एकच गाव, सगळं भावकीत आदल्या रात्री ठरलेलं, मग सभेला जाऊन करायचं काय? आपल्या भाषेत कारभार मिळाला की लोक आपोआप पुढे येतात असं मी धरून चालले होते. तसं दिसलं नाही. भाषा लागते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे बोललेलं वहीत उतरायला. म्हातारीचा नळ अजून आलेला नाही.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे सीमाप्रश्न उरला नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?" आणि बेळगावात एका ओळखीच्यांनी न वाचताच सांगितलं, "कोल्हापुरात लिहिलंय म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचंच असणार."

---

घटप्रभा | १५ सप्टेंबर, ९:५८

शंका मागे घेते. प्रबंध पाठवाल का? मी वाचेन. मराठी हळू वाचते, पण वाचते.

---

सातासमुद्रापार | १५ सप्टेंबर, ११:१०

धागाकर्ती, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या परिच्छेदात आहे. दोन्हीकडच्यांना न आवडलेला निष्कर्ष ज्याच्या हाती आहे, त्याला तटस्थतेचं प्रमाणपत्र जोडावं लागत नाही. पत्राची सुरुवात त्या शिपायापासून करा. "मी अमुक विद्यापीठाची विद्यार्थिनी असून" अशी सुरुवात केलीत तर मी स्वतः समितीला फोन करून तुमचा अर्ज रद्द करायला सांगेन.

आणि आपण मराठी माणसं शिफारसपत्रात "सुस्वभावी, आज्ञाधारक" असं लिहून घेतो. तिकडे आज्ञाधारक म्हटलं की माणूस गेला. शिफारस देणाऱ्याने तुमचं नेमकं कोणतं काम वाचलं आणि त्यात त्याला काय पटलं, ते यायला हवं.

---

निवृत्त_मास्तर | १६ सप्टेंबर, ५:५०

आज्ञाधारक! मी आजवर दोनशे पत्रांत हा शब्द लिहिला असेल. पोरांचं किती नुकसान केलं कुणास ठाऊक.

बाकी मुली, शिपायाचा किस्सा वाचून रात्री झोप लागली नाही. मी वर्गात ७३वी घटनादुरुस्ती शिकवायचो. तारखा, अनुच्छेद, ११व्या अनुसूचीतले २९ विषय. पाठ करून घेतले. कर्नाटकाने दुरुस्तीच्या आधीच, १९८३च्या कायद्याने मंडल पंचायती आणल्या, १९८७च्या निवडणुकीत बायकांना २५ टक्के जागा राखल्या, हेही शिकवलं. सभेला एकदाही गेलो नाही.

---

कुंदा_आणि_मांडे | १६ सप्टेंबर, ९:३०

अवांतर: लोकशाहीचा विषय निघालाय आणि बेळगावकरांनी १९९६ विसरावं? लोकसभेला ४५६ उमेदवार! सीमाप्रश्नाकडे दिल्लीने बघावं म्हणून एकीकरण समितीच्या लोकांनी पोत्याने अर्ज भरले. आमचे काका तेव्हा मतदान केंद्रावर ड्यूटीला. सांगतात, लोक आत जायचे ते बाहेरच यायचे नाहीत. एक आजोबा वैतागून ओरडले, "माझा माणूस कुठल्या पानावर?"

त्याच वर्षी नलगोंड्यात पाण्यातल्या फ्लोराइडसाठी ४८० जण उभे होते. मग सरकारने लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून थेट १०,००० केली. आमचा प्रश्न सुटला नाही, खरं अख्ख्या देशाला निवडणूक महाग करून दिली.

---

पेठेतला | १६ सप्टेंबर, ९:४४

हे माहीत नव्हतं! दंडवत.

---

निपाणी_नाका | १६ सप्टेंबर, १०:१५

त्या ४५६तला एक माझा मावसभाऊ. मतं मिळाली तीन. घरात मतदार पाच. अजून शोध चालू आहे.

---

चिकोडी_एक्सप्रेस | १६ सप्टेंबर, ११:०५

हे सगळं ठीक. पण लोकशाही 'विकास' म्हणजे वाढलीच पाहिजे असं गृहीत का? आमच्याकडे जिल्हा पंचायतीची शेवटची निवडणूक २०१६ची, मुदत २०२१ला संपली, मग प्रशासक. पलीकडे कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ला संपली, तिथेही प्रशासक आला. बेळगाव महापालिकेत नगरसेवक सप्टेंबर २०२१ला निवडून आले आणि महापौर झाला फेब्रुवारी २०२३ला. दीड वर्ष निवडून आलेले लोक निवडून आलेले आहेत एवढंच सांगत फिरले. याचा अभ्यास कुठल्या खात्यात धरतात?

---

सातासमुद्रापार | १६ सप्टेंबर, रात्री १०:५०

याच खात्यात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाचा व्ही-डेम प्रकल्प दरवर्षी देशांना लोकशाहीचे गुण देतो. २०२१पासून ते भारताला लोकशाहीत न धरता 'निवडणुका होणारी एकाधिकारशाही' या खान्यात टाकतात. ते बरोबर की चूक यावर...

---

देशप्रेमी_७७ | १६ सप्टेंबर, १०:५३

स्वीडनने आम्हाला शिकवू नये!!!

---

संपादक | १६ सप्टेंबर, ११:३०

यापुढचे चौदा प्रतिसाद उडवले आहेत. स्वीडनसाठी वेगळा धागा काढावा. इथे धागाकर्तीच्या अर्जावर बोला.

---

घटप्रभा | १७ सप्टेंबर, ८:१०

स्वीडन सोडून एक शब्दाचं सांगते. राज्यशास्त्राला कन्नडमध्येही राज्यशास्त्रच म्हणतात. पण लोकशाहीला प्रजाप्रभुत्व. मला लहानपणी मराठी 'लोकशाही' विचित्र वाटायचं, कारण शाही म्हटलं की आदिलशाहीच डोळ्यांपुढे यायची.

---

पेठेतला | १७ सप्टेंबर, ८:२२

आणि आम्हाला 'प्रजा' म्हटलं की राजा दिसतो. म्हणजे तुम्ही प्रजा ठेवलीत, आम्ही शाही ठेवली. राजा मात्र दोघांनीही पूर्ण सोडला नाही.

---

तिसरं_गेट | १७ सप्टेंबर, ८:३०

पेठेतल्याला आज पहिल्यांदा +१.

---

जांबोटी_घाट | १८ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी उलट बोलणार. ताई, जाऊ नकोस. आमच्या भागातली शिकलेली पोरं पुण्याला जातात, उरलेली गोव्याला. खानापूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये, म्हणजे आमचा खासदार कारवारच्या बाजूचा, जिल्हाधिकारी बेळगावात आणि नोकरी पणजीत. त्या वह्या वाचणारं एक माणूस तालुक्यात तयार झालं, तेही अमेरिकेला दिलं तर इथं कोण वाचणार? सातासमुद्रापार साहेबांचा आदर आहे, पण निपाणीचा उल्लेख त्यांनी किती वर्षांनी केला विचारा.

---

सातासमुद्रापार | १८ सप्टेंबर, रात्री ११:२०

एकोणीस वर्षांनी. बोलणं लागलं, पण खोटं नाही. माझं सगळं संशोधन लॅटिन अमेरिकेवर आहे. निपाणीवर एक ओळ लिहिलेली नाही. १९८१च्या तंबाखू आंदोलनात माझे वडील रस्त्यावर बसले होते. मी त्यांना त्याबद्दल कधी नीट विचारलंही नाही, आता विचारता येत नाही.

---

खानापूरची_लेक | १९ सप्टेंबर, रात्री ९:००

जांबोटी घाट, तुमचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात आहे. राहिले तर काय करणार तेही सांगते. सोमवार ते शनिवार सोळा तास, पेपर तपासणी, नॅकच्या मूल्यांकनाची फाइल आणि रविवारी नेटचा अभ्यास. गेल्या वर्षभरात मी एकाही ग्रामसभेला गेलेले नाही. इथं राहूनही वह्या वाचत नाहीच आहे मी. अर्ज करते. मिळाली तर उन्हाळ्याचे तीन महिने सुट्टी असते म्हणतात, त्या तीन महिन्यांत इथल्या वह्या आता वाचते त्यापेक्षा जास्त वाचून होतील.

मास्तर, नेटचा फॉर्मही भरतेय. रागावू नका.

---

निवृत्त_मास्तर | २० सप्टेंबर, ६:००

रागावलो नाही. शिफारसपत्रासाठी तिसरा माणूस मिळाला नसेल तर कळव. मी तुला शिकवलेलं नाही, त्यामुळं माझं चालणार नाही, पण एक बाई आहेत, धारवाडला पंचायतींवर आयुष्य घालवलेल्या. त्यांना प्रबंध नेऊन दे. टपालानं नको, हातात दे. चहा पाजतील आणि दोन तास फाडून खातील. मग पत्र देतील.

---

खानापूरची_लेक | २८ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३५

धागा वर काढतेय, माफ करा. झूमला बोलावलंय!! येत्या गुरुवारी, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. अर्धा तास. धारवाडच्या बाईंनी खरंच फाडून खाल्लं (साडेतीन तास) आणि पत्र दिलं. पत्राची सुरुवात शिपायापासूनच केली.

एकच अडचण. आमच्या गावात साडेनऊला लाइट असेल का ते देवाला ठाऊक, आणि रेंज माळ्यावर चढल्याशिवाय येत नाही. बेळगावात कुणाची शांत खोली मिळेल का?

---

कुंदा_आणि_मांडे | २८ नोव्हेंबर, ७:४१

टिळकवाडीत आमचं वरचं घर रिकामं आहे. इन्व्हर्टर आहे, फायबर आहे. बायको म्हणते रात्री परत जायचं नाही, जेवूनच झोपायचं. आईंनाही घेऊन या, डीडी मागत नाहीत हे त्यांना समक्ष बघू दे.

---

चिकोडी_एक्सप्रेस | २८ नोव्हेंबर, ८:१५

रेघ चिठ्ठ्या टाकून ओढली नाही, या प्रश्नाचं उत्तर दीड मिनिटात बसवून ठेवा. बुधवारी रात्री मला फोनवर म्हणून दाखवा, मी समिती होतो. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

घटप्रभा | २८ नोव्हेंबर, ९:०२

प्रबंध वाचून झाला. पान १४३वर एका ठरावाचं भाषांतर चुकलंय, 'तात्पुरतं' ऐवजी 'तातडीचं' आलंय. गुरुवारच्या आत दुरुस्त करा.

---

तिसरं_गेट | २८ नोव्हेंबर, ९:१०

टिळकवाडीला येताना रेल्वेच्या दुसऱ्या गेटवरून येऊ नको, संध्याकाळी गेट पडलं की अमेरिका तिथंच थांबेल. तिसऱ्या गेटच्या पुलावरून ये.